रेषेचा चढ: आधी घरं मोज

सूत्र पाठ करू नकोस, आधी आलेखाचा कागद घे. (२, ३) आणि (५, ९) हे बिंदू मांड. पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाताना ३ घरं उजवीकडे, ६ घरं वर. ६ भागिले ३, चढ २. झालं!

आता रेषेचं समीकरण: वाय = २एक्स + सी. यात २ हा चढ, आणि सी म्हणजे रेषा वाय-अक्षाला जिथे छेदते ती उंची. त्यात (२, ३) घाल: ३ = ४ + सी, म्हणून सी = −१. दुसऱ्या बिंदूने ताळा कर: १० − १ = ९. जमलं.

सुरुवातीला सगळे घसरतात ते इथे:

- अपूर्णांकात वर ९ − ३, खाली २ − ५ लिहिणं. क्रम बदलला की चिन्ह उलटं. (दहावीत माझे बरेच गुण यातच गेले.)
- उभ्या रेषेचा चढ शून्य म्हणणं. शून्य आडवीचा. उभीचा काढताच येत नाही, शून्याने भागणार कसं?

एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या लंब रेषांच्या चढाचं सध्या राहू दे.