मंदी आली की समकालीन कला मरते का?
कला मरत नाही, बाजार आपटतो. तोही लगेच नाही. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स या बड्या अमेरिकी बँकेने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच संध्याकाळी लंडनच्या सदबीज या लिलावघरात ब्रिटिश कलाकार डेमियन हर्स्टचं फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेलं, सोन्याच्या शिंगाखुरांचं वासरू एक कोटी पौंडांच्या वर गेलं. वर्षभरात मात्र लिलावांची रया गेली.

खरी झळ बसते ती नाव न झालेल्यांना. रंग उधारीवर, स्टुडिओचं भाडं थकलेलं. म्हणूनच मला १९३५ ची अमेरिका मोलाची वाटते. महामंदीत सरकारच्या फेडरल आर्ट प्रोजेक्टने चित्रकारांना आठवड्याला वीस-पंचवीस डॉलर पगार दिला. शाळा-इस्पितळांच्या भिंती रंगल्या. पोलॉक, ली क्रॅस्नर, रॉथको हे पुढे गाजलेले चित्रकार तेव्हा कुणीच नव्हते. याच पगारावर त्यांची चूल पेटत होती. आपल्याकडेही तंगीत असंच काहीतरी हवं, निदान भाड्यापुरतं तरी.