आधी फिल्मवरचं भोक बघा
वाचकांचे प्रश्न : जुने घरगुती फिल्म प्रोजेक्टर

प्रश्न : आबाजींचा वाडा उतरवताना लोखंडी पेटीत एक प्रोजेक्टर आणि अकरा बारकी रिळं निघाली. मशीनवरची नावाची पट्टी गेलेली आहे. हे ८ मिमी आहे की सुपर ८, हे कसं ओळखायचं? रिळं लावून बघितली तर चालेल का?
— एक वाचक, दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : रिळं इतक्यात लावू नका. मशीन बाजूला ठेवा आणि एका रिळाचं वीतभर टोक सोडवून उजेडात धरा. मशीनचा रंग, पेटी, बटणं यांवरून अंदाज चुकतो, फिल्मची रुंदी आणि तिच्यावरचं भोक यांवरून चुकत नाही.

फूटपट्टी लावा. रुंदी ८ मिमी भरली तर भोक कुठे आहे ते बघा. भोक मोठं, आडवं आणि दोन चित्रांच्या मधल्या रेघेजवळ असेल तर ती साधी ८ मिमी, कोडॅकने १९३२ मध्ये आणलेली. भोक बारीक, उभट आणि चित्राच्या बरोबर मध्यावर असेल तर सुपर ८, म्हणजे १९६५ नंतरची. भोक लहान केल्यामुळे सुपर ८ मध्ये चित्राला जास्त जागा मिळाली, म्हणून तिचं चित्र नुसत्या डोळ्यांनाही मोठं दिसतं. फुजीची सिंगल ८ त्याच वर्षी आली. तिची मापं सुपर ८ चीच आहेत आणि ती सुपर ८ च्या मशीनवर चालते. फक्त ती पॉलिएस्टरची असते, त्यामुळे तुटली तर फिल्म सिमेंटने (फिल्म चिकटवायच्या द्रावाने) जुळत नाही, जोडाची टेपच लागते.

भोक काठाला नसून रुंदीच्या मधोमध, दोन चित्रांच्या मध्ये असेल तर तुमच्या हाती ९.५ मिमीची फिल्म आहे. फ्रान्सच्या पाथे कंपनीने ती १९२२ मध्ये पाथे बेबी या हाताने फिरवायच्या मशीनसाठी काढली. असं काही निघालं तर कुणालाही वजनावर देऊ नका.

रुंदी १६ मिमी आणि भोकं दोन्ही काठांना असतील तर फिल्म मूक आहे. एकाच काठाला भोकं आणि दुसऱ्या काठाला नागमोडी काळी रेघ किंवा तपकिरी पट्टा असेल तर आवाजाची. एक गोष्ट मात्र नीट बघा. १६ मिमी रुंदीची फिल्म आहे, पण भोकं नेहमीपेक्षा दुप्पट दाट आहेत, असं दिसलं तर ती न चिरलेली साधी ८ मिमी आहे. त्या काळी कॅमेऱ्यात १६ मिमी रुंद फिल्म घालून आधी एक बाजू, मग उलटवून दुसरी बाजू टिपत. लॅबमध्ये धुतल्यावर ती मधोमध चिरून २५ फुटांची ५० फूट करत. अशी फिल्म घरी कात्रीने किंवा ब्लेडने चिरायला जाऊ नका.

आता मशीन. रीळ बसवायचा दांडा सुमारे ८ मिमी जाडीचा असेल तर साधी ८, साडेबारा मिमीच्या आसपास असेल तर सुपर ८. मात्र जाड दांडा हे कधी कधी वरून चढवलेलं टोपण असतं, तेव्हा ओढून बघा. खात्री हवी असेल तर लेन्स काढून गेटमधली, म्हणजे लेन्समागे फिल्म सरकते त्या जागेतली, खिडकी मोजा. ४.५ बाय ३.३ मिमीच्या जवळपास असेल तर साधी ८, स्पष्टपणे त्याहून मोठी असेल तर सुपर ८, १० बाय ७ च्या आसपास असेल तर १६ मिमी. काही मशीन दोन्ही ८ चालवतात, त्यांच्यावर तसा खटका असतो. खिडकीच नाही आणि रिळाचे हातही नाहीत, तर तो स्लाइड प्रोजेक्टर आहे.

एवढी मोजमापं कशासाठी, तर साध्या ८ मध्ये एका भोकापासून दुसरं भोक ३.८१ मिमीवर असतं आणि सुपर ८ मध्ये ४.२३ वर. साध्या ८ च्या मशीनची नखी (भोकात अडकून फिल्म पुढे ओढणारा दाता) सुपर ८ च्या भोकापेक्षा मोठी असते. मशीन चालू केलं की ती पहिल्याच फुटापासून भोकं फाडत जाते, आणि फाटलेलं भोक परत येत नाही.

प्रश्न : भंगारातून १६ मिमीचं अमेरिकन मशीन घेतलं. त्यावर ११५ व्होल्ट, ६० सायकल लिहिलं आहे. आपल्याकडे २३० व्होल्ट. व्होल्ट कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की झालं ना?
— मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : अर्धंच झालं. दिव्याच्या बुडावरचे वॅट वाचा. अशा मशीनमध्ये ७५० ते १००० वॅटचा दिवा असतो, त्यावर मोटर आणि ॲम्प्लिफायर. त्यामुळे १५०० व्हीएचा स्टेप-डाउन घ्या, ५०० चा तापून जळेल. बाजारात स्वस्तात मिळतो तो ऑटो-ट्रान्सफॉर्मर. त्याचं एक टोक थेट लाइनला जोडलेलं असतं आणि जुन्या मशीनची बॉडी लोखंडी असते. त्यातून शॉक बसू शकतो, म्हणून दोन वेगळ्या वाइंडिंगचाच मागा आणि अर्थिंग खरोखर आहे का ते टेस्टरने तपासा.

दुसरी अडचण सायकलची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, सायकल बदलत नाही. मोटर कार्बन ब्रशची असेल तर फारसं बिघडत नाही. बिनब्रशची असेल तर ती आपल्या ५० सायकलवर सहापैकी पाच भाग वेगानेच फिरेल, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी २० चित्रं. गाणं जड, रेंगाळलेलं ऐकू येईल. त्यावर उपाय पुली बदलण्याचा, ट्रान्सफॉर्मर बदलण्याचा नाही.

आणि पहिल्यांदा वीज देण्याआधी हाताने फिरवायचा नॉब शोधा आणि मशीन दहा-वीस फेरे फिरवा. अडकत असेल तर आत ग्रीसचा गोळा झालाय. जोर लावू नका. बेल अँड हॉवेलच्या कित्येक १६ मिमी मशीनमध्ये प्लास्टिकचा वर्म गिअर असतो, तो वयाने आपोआप तडकतो. तडकलेल्या गिअरवर मोटर चालवली की त्याचे तुकडे बाकीच्या दात्यांत जातात. मागचं झाकण उघडून टॉर्चने तो आधी बघा. जुने कागदी कपॅसिटर फुगलेले किंवा चिरलेले असतील तर बदलून घ्या. दिव्याजवळच्या तारांवर पांढरं, पिठूळ, दोऱ्यासारखं आवरण दिसलं तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते खरवडू नका, फुंकूही नका.

मग दिवा काढून ठेवा आणि सिरीज बोर्डवर (ज्यात वीज बल्बमधून जाऊनच मशीनला मिळते) १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब घालून मशीन लावा. बल्ब पूर्ण पेटला तर आत शॉर्ट आहे. मंद पेटला आणि मोटर गुणगुणली तर ठीक. बिनब्रशची मोटर सिरीजमध्ये कधी कधी फिरत नाही, तो बिघाड समजू नका.

कृषिपंप सुरू असतात त्या वेळी व्होल्टेज पडतं. दिवा पिवळा होतो, ब्रशच्या मोटरचा वेग खाली-वर होतो आणि आपण बिघाड मशीनमध्ये शोधत बसतो. आधी मीटर लावून बघा. साध्या स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टरवर बिनब्रशची मोटर घरघरते आणि तापते, त्यावर मशीन चालवू नका.

प्रश्न : मशीनमध्ये डांबरासारखा चिकट काळा लगदा झाला आहे. दुकानदार म्हणतो, बेल्ट मिळणार नाही. आता काय करावं?
— आर्वी, जि. वर्धा

उत्तर : तो लगदाच तुमचा बेल्ट. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस घेऊन पुलीच्या खाचेतून तो पूर्ण काढा. पेट्रोल वापरू नका, प्लास्टिक पुली खराब होतात. खाच स्वच्छ झाल्यावर बेल्टच्या वाटेने शिवणाचा दोरा फिरवून लांबी मोजा आणि त्याहून ५ ते ८ टक्के आखूड गोल बेल्ट घ्या. पंप दुरुस्तीच्या दुकानात ओ-रिंगांचा डबा असतो, त्यात बहुतेक वेळा जवळचं माप निघतं. फार घट्ट बसवला तर बुश (दांडा ज्यात फिरतो ते कडं) झिजतो. रीळ ओढणाऱ्या हातावर स्टीलच्या स्प्रिंगचा बेल्ट असेल तर तो मूळचाच आहे, नुसता पुसून परत लावा.

सगळ्या मशीनना बेल्ट असतोच असं नाही. ऑस्ट्रियाच्या आयमिगच्या पुष्कळ मशीनमध्ये रबरी कड असलेलं चाक दुसऱ्या चाकाला घासून फिरतं. मशीन वर्षानुवर्षं चालू स्थितीतल्या खटक्यावर पडून राहिलं की रबराला एका जागी चपटा डाग पडतो आणि ठक-ठक येते. बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. तेल शिलाई मशीनचं, बुशला एकेक थेंब. रबरावर आणि फिल्मच्या वाटेवर थेंबही नको.

प्रश्न : माळ्यावरची रिळं उघडली तर सिरक्यासारखा आंबट वास आला. धुऊन वास जाईल का?
— पवनी, जि. भंडारा

उत्तर : धुऊ नका. वास बाहेरून लागलेला नाही. फिल्म ज्या ॲसिटेट प्लास्टिकची असते तो पायाच मोडतो आहे आणि त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं आहे. ते आम्ल मोडण्याचा वेग आणखी वाढवतं, आणि शेजारच्या चांगल्या रिळांनाही लागतं. आजच वासाची रिळं वेगळी काढा. त्यांना हवाबंद पिशवीत कोंडू नका.

माळा ही घरातली सगळ्यात वाईट जागा. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना टिनाखाली त्याहून कितीतरी जास्त असतं, आणि पुढचे चार महिने दमट. कवेलूचं घर असेल तर मधल्या खोलीत, जमिनीपासून हातभर उंच, भिंतीला न टेकवता आलमारीत ठेवा. रिळं आडवी ठेवा. सिलिका जेल ठेवा आणि त्याचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेने तापवून परत घाला. डांबराच्या गोळ्या नकोत.

दाखवण्याजोगी आहेत का, हे शिंप्याच्या टेपने कळतं. फिल्म सपाट ठेवून १०० भोकांचं अंतर मोजा. साधी ८ मिमी ३८१ मिमी भरायला हवी, सुपर ८ ४२३, १६ मिमी ७६२. एक टक्का कमी, म्हणजे साध्या ८ मध्ये ३७७ भरली, तर ती आक्रसलेली आहे. प्रोजेक्टरवर चढवू नका. दाते नसलेल्या स्कॅनरवर ती एकेक चित्र करून उतरवता येते, आणि तेच आधी करून घ्या. मशीन पुढच्या वर्षीही दुरुस्त होईल, ही रिळं थांबणार नाहीत.

रंग गुलाबी झाले असतील तर तो आंबट वासाशी संबंधित नाही. जुन्या १६ मिमी रंगीत प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो. घरी टिपलेल्या कोडाक्रोम या कोडॅकच्या रंगीत फिल्मचे रंग मात्र अंधारात ठेवले तर आजही टवटवीत निघतात.

प्रश्न : आमच्या शाळेच्या गोदामात १६ मिमीचं मशीन धूळ खात आहे. मुख्याध्यापक म्हणतात, घेऊन जा.
— पांढरकवडा, जि. यवतमाळ

उत्तर : असं नेऊ नका. ते जडवस्तू नोंदवहीत असेल. निर्लेखन (नोंदवहीतून रीतसर कमी करणं) होऊन लिलावात निघू द्या, पावती घ्या. त्याआधी मुख्याध्यापकांना एक विनंती करा : त्याच गोदामात रिळांचे डबे असतील, ते मशीनसोबतच ठेवावेत, रद्दीत जाऊ देऊ नयेत.

प्रश्न : संग्रहाला सुरुवात करतो आहे. विकत घेताना काय बघावं?
— मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : काय नाही आहे ते बघा. लेन्स, गेटची दाबपट्टी, रिळाचे दोन्ही हात आणि रिकामं रीळ जागेवर हवंत. हे सुटे मिळवताना मशीनपेक्षा जास्त पैसे जातात. लेन्समधून टॉर्च मारा. आत जाळीसारखी बुरशी असेल तर किंमत पाडून मागा. नखीवर बोट फिरवा, खाच पडली असेल तर चित्र थरथरणार.

दिवा उडालेला असला तरी तो फेकायला सांगू नका. त्याच्यावरचे व्होल्ट, वॅट आणि बुडाची बनावट पाहूनच दुसरा मागवता येतो. पहिलं मशीन म्हणून आम्ही आयमिग पी ८ सारखं १२ व्होल्ट १०० वॅट दिव्याचं मशीन सुचवू. उष्णता कमी, त्यामुळे फिल्मलाही जाच कमी. नव्या हॅलोजन दिव्याला उघड्या बोटांनी हात लावू नका. बोटाचं तेल काचेवर भाजतं आणि तिथेच काच फुगते.

पहिल्यांदा चालवाल ते कोऱ्या लीडर फिल्मवर (रिळाच्या सुरुवातीला जोडतात त्या चित्र नसलेल्या पट्टीवर), पाच मिनिटं. गेटच्या वर आणि खाली फिल्मचा सैल वळसा ठेवा. वळसा आवळला की चित्र लगेच खालून वर पुसट धावतं, तेव्हा मशीन थांबवून वळसा पुन्हा द्या. गेटमध्ये साचलेली मळी बांबूच्या काडीने काढा. खिळा किंवा स्क्रू-ड्रायव्हर घातला तर गेटवर पडलेला ओरखडा पुढे प्रत्येक फिल्मवर उभी रेघ ओढत राहील.