आधी वजनकाटा, मग पाकीट

अगं,

मांजराची दोन पिल्लं घरी आली, याचा आनंद तुझ्या पत्रात ओळीओळीतून दिसतोय. सोबत त्यांच्या खाण्याच्या सहा पाकिटांची यादीही आहे आणि खाली प्रश्न : यातलं सगळ्यात चांगलं कोणतं? आत्ताच्या घडीला विचारशील तर एकही नाही. ती जिथून आली तिथे काल जे खात होती, तेच अजून काही दिवस खाऊ दे. ते खाणं तुझ्या मनात भरणारं नसलं तरी चालेल. आई सुटलेली, घर नवं, वास नवे, आवाज नवे. या सगळ्याने पिल्लांचं पोट तसंही नाजूक झालेलं असतं. त्यात खाणंही बदललंस तर जुलाब व्हायला वेळ लागत नाही. मग ते घाबरल्यामुळे झाले, जंतांमुळे झाले की तुझ्या नव्या पाकिटामुळे, हे डॉक्टरांनाही चटकन सांगता येणार नाही.

तेव्हा ज्यांच्याकडून पिल्लं आणलीस त्यांना आजच फोन कर. काय खात होती, ओलं की कोरडं, दिवसातून किती वेळा, जंताचं शेवटचं औषध कधी दिलं, एवढं विचारून लिहून ठेव. पिल्लं लपून बसायची थांबली, घरभर हुंदडायला लागली, की बदलाला हात घाल. जुन्यात पाव भाग नवं, दोन-तीन दिवसांनी अर्धं, मग पाऊण. सगळं मिळून 7 ते 10 दिवस. मध्येच शी पातळ झाली तर एक पायरी मागे ये आणि तिथेच थांब.

तू लिहितेस की ती ‘दोनेक महिन्यांची असावीत’. हे ‘असावीत’ मला आवडलेलं नाही, कारण खाणं वयावर ठरतं. पिल्लाचा वरचा ओठ अंगठ्याने हळूच उचलून बघ. पुढचे तांदळाच्या कणीएवढे दात साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डोकावतात आणि मागच्या दुधाच्या दाढा दीड-दोन महिन्यांच्या आत आलेल्या असतात. वजनावरूनही अंदाज येतो. पहिल्या काही महिन्यांत नीट वाढणारं पिल्लू महिन्याला साधारण 450 ग्रॅमने वाढतं, म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू 800-900 ग्रॅमच्या आसपास असतं. दात पूर्ण आलेत पण वजन 600च भरतंय, तर ते लहान नसून उपाशी असण्याची किंवा पोटात जंत असण्याची शक्यता आहे. त्याला आधी डॉक्टरांकडे ने.

आणि पिल्लू चार आठवड्यांच्या आतलं निघालं तर पाकिटाचा विषयच मिटला. त्याला मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडरच लागते. गाईच्या दुधात त्याला पुरतील एवढी प्रथिनं नसतात आणि त्यातली साखर सोसत नाही. बाटली देताना ते पोटावर हवं, बाळासारखं उताणं धरलंस तर दूध फुफ्फुसात जाऊ शकतं. अंग गार लागत असेल तर आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही.

आता काट्याचं सांगते. स्वयंपाकघरातला, ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घे, त्यावर एक खोलगट डबा ठेव, काटा शून्यावर आण आणि रोज सकाळी खाण्याआधी एकेका पिल्लाला त्यात बसव. ते डब्याच्या कडेवर पाय टाकून बाहेर यायला बघेल, आकडा नाचत राहील. बोटाने कानामागे खाजव, क्षणभर थांबेल, तेवढ्यात आकडा वाच. या वयात रोज 10 ते 15 ग्रॅम वाढ दिसली पाहिजे. एखाद्या दिवशी दिसली नाही तर डोक्याला ताप करून घेऊ नकोस. लागोपाठ दोन दिवस काटा हलला नाही किंवा खाली गेला तर मात्र डॉक्टर. खाणं मानवतंय की नाही, हे पाकिटावरचं गुबगुबीत मांजर सांगत नाही, हा काटा सांगतो. दोन पिल्लं आहेत, तर दोघांची वही वेगळी ठेव. एकच बशी ठेवली की दांडगं पिल्लू दोघांचं खातं, आणि बशी रिकामी दिसते म्हणून आपण खूश.

पाकीट निवडायची वेळ आली की ते उलटं कर. पुढे छापलेलं सगळं जाहिरात असतं : ‘नैसर्गिक’, ‘प्रीमियम’, ‘धान्यविरहित’. मागे बारीक अक्षरांत एक वाक्य शोधायचं. हे खाणं ‘संपूर्ण’ आहे का, आणि ‘वाढीच्या वयासाठी’ किंवा ‘सर्व वयांसाठी’ आहे का? अमेरिकेतली आफको आणि युरोपातली फेडिआफ या दोन संस्थांच्या मानकांचा उल्लेख बहुधा तिथेच असतो. आफकोच्या हिशेबात पाणी वगळून मोठ्या मांजराच्या खाण्यात प्रथिनं किमान 26 टक्के लागतात, वाढत्या पिल्लाच्या खाण्यात 30. कॅल्शियम मोठ्याला 0.6 टक्के, पिल्लाला 1. ‘सर्व वयांसाठी’ लिहायचं तर पिल्लांची अट पाळावीच लागते, म्हणून तेही चालतं. ‘पूरक’ किंवा ‘अधूनमधून देण्यासाठी’ लिहिलं असेल तर ते जेवण नव्हे, खाऊ. तुझ्या यादीतलं ते चिकनच्या धाग्यांचं, रश्शाचं देखणं पाउच असंच असण्याची शक्यता आहे. मागची बाजू वाच.

‘संपूर्ण’ या शब्दावर मी एवढी का अडून बसते? मांजर अस्सल मांसाहारी प्राणी आहे. गाजरातल्या द्रव्यापासून माणूस अ जीवनसत्त्व बनवतो, मांजराला ते जमत नाही, तयारच लागतं. टॉरिन नावाचं द्रव्यही त्याच्या शरीरात पुरेसं बनत नाही. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगून दुबळं होतं. हृदयाची ही गोष्ट 1987 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी दाखवून दिली. तीही बाजारातलं तयार खाणं खाणाऱ्या मांजरांवरून! त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. कुत्र्याचं खाणं मांजराला का चालत नाही, याचं एक कारण हेच.

‘मग नुसतं उकडलेलं चिकनच देते की’ असं तुझ्या मनात आलं असेल. नको. नुसत्या मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतं. तो तोल सांभाळायला शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं, आणि काही आठवड्यांत पिल्लू लंगडायला लागतं, साध्या उडीतही हाड मोडतं. भरपूर मांस खाणाऱ्या पिल्लाची ही गत होते, म्हणून लोकांचा विश्वास बसत नाही. घरचंच करायचं असेल तर प्राण्यांच्या आहारतज्ज्ञाकडून मोजूनमापून लिहून घे. कच्चं मांस मात्र पिल्लांना देऊच नकोस. त्यातल्या जंतूंचा धोका त्यांनाही आणि बशा धुणाऱ्या तुलाही.

ओलं की कोरडं, यावर तू दोन पाकिटांची तुलना करून ‘कोरड्यात प्रथिनं चौपट’ असं लिहिलं आहेस. पाणी काढून मग तुलना कर. ओल्या पाउचवर 9 टक्के प्रथिनं आणि 80 टक्के पाणी असेल, तर उरलेल्या 20 भागांत 9, म्हणजे 45 टक्के. कोरड्यावर 36 टक्के आणि पाणी 10, तर 90 भागांत 36, म्हणजे 40. उलटं झालं की नाही? माझा कल ओल्याकडे आहे, कारण मांजरं मुळात पाणी कमी पितात. पण या वयात दोन्ही दे. लहानपणी एकाच प्रकारची सवय लागलेलं मांजर पुढे आजारपणात दुसऱ्याला तोंड लावत नाही, आणि मग सगळ्यांचे हाल होतात.

बशी पसरट घे, उंच काठाच्या वाटीत मिश्या घासतात. फ्रीजमधलं तसंच पुढे ठेवू नकोस, थोडं कोमट पाणी घालून अंगाच्या उबेइतकं कर. वास सुटला की पिल्लू आधी नाक लावेल, मग एक पंजा बशीत घालून तो चाटेल, आणि तिसऱ्या-चौथ्या चाटण्यानंतर तोंड खाली जाईल. तेवढा वेळ त्याच्याशेजारी नुसतं बसून राहा, बोटाने भरवायची घाई नको. पाण्याचं भांडं खाण्यापासून लांब, आणि त्यांच्या शी-शूच्या ट्रेपासून तर फारच लांब.

सध्या दिवसातून चार वेळा, चार महिन्यांनंतर तीन, सहा महिन्यांनंतर दोन. पाकिटावरचा तक्ता सुरुवातीपुरता धर. वाढत्या पिल्लाच्या खाण्यावर हात आखडू नकोस. नसबंदीनंतर मात्र भूक वाढते आणि गरज कमी होते, तेव्हा मोजायला लाग. फासळ्या दिसू नयेत, पण हात फिरवला की लागाव्यात. पिल्लांचं खाणं वर्षभर चालू ठेव. मेन कूनसारखी थोराड जात असेल तर त्याहून जास्त.

कांदा-लसूण कुठल्याही रूपात नको, पावडरसुद्धा नको, त्याने रक्त कमी होतं. माणसाच्या बाळांच्या तयार खाण्यात कधीकधी ही पावडर असते, म्हणून डबा वाचून घे. द्राक्षं, चॉकलेट, शिजवलेली हाडं, कच्चे मासे नकोत. आणि खाण्याचं नाही पण सांगून ठेवते, लिलीची फुलं घरात आणू नकोस. नुसता पराग चाटला तरी मांजराची किडनी जाते.

पहिल्या दोन आठवड्यांचे आकडे मला पाठव, मग तुझ्या सहा पाकिटांवर बसून बोलू. पण पिल्लाने दोन वेळचं सोडलं, मलूल पडलं, किंवा जुलाबाबरोबर उलट्याही झाल्या, तर माझ्या उत्तराची वाट बघू नकोस. एवढ्याशा जिवाच्या अंगात साठा नसतो, साखर भराभर उतरते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने, आणि वजनाची वही सोबत घे.

तुझी,
मावशी