संत्र्यासाठी फ्रीज ड्रायर: कर्ज काढण्याआधी

भाऊ, मोर्शीकडे गटासाठी कर्ज काढून फ्रीज ड्रायर घ्यावा का, आणि "संत्री गोठवून वाळवायची एवढंच ना?" असं तुम्ही विचारलंय. मी इंजेक्शनच्या कारखान्यात या यंत्रावर नऊ वर्षं पाळ्या केल्या, आता गावी शेती पाहतो.

आपल्या कुरडया गच्चीवर वाळतात तेव्हा आतलं पाणी वर सरकतं अन् माल आक्रसतो. इथे माल उणे 40 अंशांपर्यंत गोठवतात, मग पेटीतली हवा ओढून घेतात. दाब 6.1 मिलिबारच्या खाली गेला की बर्फाचं पाणी होत नाही, थेट वाफच होते. बर्फाच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. म्हणून आकार तसाच, वजन मात्र कापसाचं.

तुमच्या पीएचसीत सर्पदंशाच्या लसीची कुपी बघा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवरची ती पांढरी भुकटी अशीच वाळवलेली असते. सिस्टर 10 मिली पाणी घालतात अन् कुपी हलकेच फिरवतात. जोरात हलवली तर फेस येतो. कोरडी असल्यानं ती फ्रीजविना टिकते, अन् आपल्याकडच्या लाइटीचा भरवसा पाहता हे केवढं मोठं काम आहे! गोवर-रुबेलाची लसही भुकटीच, पण तिला थंडी लागतेच.

एक गैरसमज आधी काढा. हे यंत्र जंतू मारत नाही. उलट प्रयोगशाळांत जिवाणू वर्षानुवर्षं जपायला हीच पद्धत वापरतात. घाणेरड्या हातांनी सोललेली फोड वाळल्यावरही घाणेरडीच राहणार.

आता पैशाचं. सोललेल्या 100 किलो फोडींत 85 किलोच्या वर पाणी. एक किलो बर्फाची वाफ करायलाच पाऊण युनिटाहून जास्त ऊर्जा लागते, अन् ती वाफ पुन्हा गोठवून धरणारा कंडेन्सर, पंप, हे वेगळंच. एक घाणा दीड दिवस चालतो. मधात लाइट गेली की दाब चढतो, बर्फ वितळतो अन् ट्रेमध्ये चिक्की होते. जनरेटर नसेल तर विषयच सोडा.

संत्र्याची आणखी एक खोड आहे. फोडीवरची साल वाफ अडवते अन् साखरेमुळे माल चिकट होतो. म्हणून आडव्या पातळ चकत्या करा. मी एकदा अख्ख्या फोडी लावल्या. वरून कुरकुरीत, आत ओला गाभा. अन् जुलैत पाकीट उघडं राहिलं तर तासाभरात माल मऊ पडला. साध्या प्लास्टिकवर जाऊ नका, ॲल्युमिनियमचा थर असलेलं पाकीटच घ्या.

माझं मत विचाराल तर सध्या यंत्र घेऊ नका. मृग बहराची 50 किलो संत्री भाड्यानं कुठे वाळवून मिळतात का बघा, तो माल विकून पाहा. गिऱ्हाईक मिळालं तर पुढचं बोलू. तुमच्या शेडला थ्री फेज किती तास मिळते, तेवढं कळवा.