स्क्रीनवर लख्ख, अल्बममध्ये काळपट: मॉनिटर घेण्याआधीचे तुमचे प्रश्न

लग्नसराई सुरू असते तोवर लोक मला लेन्स, फ्लॅश, बॅटरी असंच विचारतात. अल्बम छापून हातात आले की प्रश्न मॉनिटरवर येतात. यंदाही निपाणी, चिकोडी, खानापूर, हल्याळकडून बरेच आले. बहुतेकांचं बजेट १० ते २० हजारांच्या आतलं. एवढ्यात काम भागतं, फक्त पैसे कशासाठी मोजायचे ते आधी ठरलेलं हवं.

सर, मी निपाणीत लग्नाचं काम करतो. कोल्हापूरहून अल्बम छापून आला की फोटो काळपट. माझ्या स्क्रीनवर तेच फोटो लख्ख दिसतात. लॅब बदलून पाहिली, तरी तेच. १५ हजार बाजूला काढलेत. कोणता मॉनिटर घेऊ?

आठवडाभर ते पैसे खिशातच राहू द्या. दोन वेगवेगळ्या लॅबमधून एकच दोष दिसतोय, म्हणजे दोष बहुधा तुमच्या टेबलावर आहे, आणि तो फुकटात दुरुस्त होण्यासारखा आहे.

नवा मॉनिटर खोक्यातून निघतो तेव्हा त्याचा ब्राइटनेस खूप वर असतो. दुकानातल्या झगमगाटात तो उठून दिसावा म्हणून तसा ठेवलेला असतो. कागदाला मात्र स्वतःचा उजेड नाही. खोलीतला उजेड जेवढा पडेल तेवढाच तो परत देतो. झगझगीत स्क्रीनवर काम करताना नवरीचा चेहरा जास्त उजळ वाटतो, मग आपण एक्सपोजर खाली ओढतो. डोळ्याला ते बरोबर वाटतं आणि फाईल अंधारी होऊन लॅबला जाते. लॅबवाला आहे तेच छापतो.

छपाईसाठी काम करताना स्क्रीनचा उजेड १०० ते १२० निट्सच्या (निट्स म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक) आसपास हवा. मोजायचं यंत्र नसेल तर हे करा. रोज ज्या उजेडात बसता त्याच उजेडात एक कोरा पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरा. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा आणि कागद व स्क्रीन सारखेच पांढरे वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवत न्या. आकडा ५० च्या बराच खाली येईल. पहिले दोन दिवस स्क्रीन मेल्यासारखी वाटेल. तरी वर नेऊ नका, डोळा सरावतो. जोडीला डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड आणि विंडोजमधली नाईट लाईट बंद करा. कलर टेम्परेचर ६५०० केल्विनवर किंवा ‘नॉर्मल’वर ठेवा.

मग एक फोटो निवडा: हळद लागलेला चेहरा, पांढरा शर्ट, काळा कोट आणि गडद हिरवा शालू, सगळं एकात येईल असा. लॅबला सांगा, ‘करेक्शन न करता ८ बाय १२ ची एकच प्रत काढा.’ ती प्रत आली की स्क्रीनशेजारी धरून पुन्हा जुळवा. ही प्रत पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये जपा, उजेडात ठेवून विटवू नका. पुढे मॉनिटर बदला नाहीतर लॅब बदला, तीच तुमची मोजपट्टी.

हे मी नुकसान सोसून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एका लग्नाचा १२ बाय ३६ चा अल्बम छापून आला. उघडून पाहिलं तर नवरीचा हिरवा शालू काळा दिसत होता. जरीचे काठ तेवढे चमकत होते, मधलं बुट्टीकाम अंधारात गडप. तिच्या आईने पान खिडकीशी नेऊन बोटाने बुट्टी शोधली, ते मला आजही डोळ्यासमोर दिसतं. सगळी पानं पदरचे पैसे घालून पुन्हा छापली. त्या दिवशी माझ्या स्क्रीनचा ब्राइटनेस १०० वर होता.

खानापूरला कॉलेजात आहे. जांबोटी, भीमगडच्या बाजूला पक्ष्यांचे फोटो काढतो. बजेट १२ हजार. दुकानात कोणी ७२ टक्के एनटीएससी सांगतो, कोणी ९९ टक्के एसआरजीबी, कोणी १६.७ दशलक्ष रंग. यातलं खरं काय बघायचं?

दोनच गोष्टी बघ: पॅनेल, म्हणजे आतला चित्र दाखवणारा पडदा, आयपीएस जातीचा आहे का, आणि एसआरजीबीचं प्रमाण किती.

आयपीएस अशासाठी, की बाजूने पाहिलं तरी त्याचा रंग फारसा बदलत नाही. स्वस्तातलं टीएन पॅनेल ओळखायला सोपं आहे. दुकानात चेहऱ्याचा एखादा फोटो लावायला सांग आणि खुर्चीवरून हळूहळू उभा राहा. टीएनवर त्या चेहऱ्याचा रंग तुझ्यासोबत हलतो. व्हीए पॅनेलचा काळा रंग आयपीएसहून दाट असतो, सिनेमा बघायला छानच, पण मान जराशी कलली की गडद भागातले बारकावे बदलतात. रानातल्या सावलीतला पक्षी एडिट करताना तेच नडतं.

एसआरजीबी हे रंगांचं माप १९९६ साली ठरलं आणि लॅब, मोबाईल, वेबसाईट सगळे साधारण त्यावरच चालतात. एनटीएससी हे १९५३ च्या अमेरिकी टीव्हीचं माप. त्याचे ७२ टक्के म्हणजे आकाराने जवळपास पूर्ण एसआरजीबी, त्यामुळे ते दोन दुकानदार बहुधा एकच गोष्ट दोन तऱ्हेने सांगत होते. खरा घात ‘४५ टक्के एनटीएससी’मध्ये आहे. स्वस्त लॅपटॉपच्या स्क्रीन बऱ्याचदा तेवढ्याच असतात, एसआरजीबीचा तिसरा हिस्सा त्यांना दाखवताच येत नाही. खंड्याचा निळा त्यावर फिका दिसतो, तू तो वाढवतोस, आणि दुसऱ्याच्या स्क्रीनवर तो भडक होतो.

१६.७ दशलक्ष हा आकडा जवळपास प्रत्येक खोक्यावर असतो, त्यावरून निवड होत नाही. ‘एक कोटीला एक’ कॉन्ट्रास्ट, १ मिलिसेकंदाचा प्रतिसाद, या किमतीतलं एचडीआर, यांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नकोस. ९९ टक्के एसआरजीबीचा, मॅट स्क्रीनचा, साधा ऑफिसी आयपीएस घे. चार महिने थांबून पैसे साठवता आले तर एसुसचा प्रोआर्ट पीए२४८क्यूव्ही बघ. २४.१ इंची, १९२० बाय १२०० पिक्सेल, एसआरजीबी पूर्ण, आणि कारखान्यातूनच रंग जुळवून येतो. फुल एचडीपेक्षा (१९२० बाय १०८०) उंचीचे ते जास्तीचे १२० पिक्सेल फोटोशॉपच्या पट्ट्यांना फार उपयोगी पडतात.

त्याच पैशात २७ इंची फुल एचडी मिळतोय. मोठा घ्यावा का?

नको. २४ इंचावर फुल एचडी म्हणजे इंचाला साधारण ९२ पिक्सेल, २७ इंचावर तेच ८२ उरतात. चित्र मोठं होतं, तपशील तेवढाच राहतो, आणि शार्पनेसचा अंदाज चुकतो. २७ इंचीच हवा असेल तर २५६० बाय १४४० चा घ्या, तिथे इंचाला १०९ पिक्सेल मिळतात.

बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचे फोटो दरवर्षी काढतो. भगव्या फेट्यांचा रंग सपाट पडतो, घड्याच दिसत नाहीत. ॲडोबी आरजीबी (एसआरजीबीहून मोठं रंगांचं माप) दाखवणारा महाग मॉनिटर घेतला तर सुटेल का?

हा प्रश्न मला जवळचा आहे, कारण मीही त्या गर्दीत कॅमेरा घेऊन उभा असतो. उत्तर मात्र मॉनिटरच्या अलीकडे आहे.

भगव्या रंगात लाल चॅनेल जवळपास काठोकाठ भरलेला असतो. वरून मिरवणुकीतल्या दिव्यांचा पिवळा उजेड पडला की लाल २५५ ला, म्हणजे सगळ्यांत वरच्या आकड्याला, जाऊन टेकतो. घडीचा उंच भाग आणि खोल भाग, दोन्हींत लाल सारखाच भरला की घडी दाखवायला उरतं काय? कॅमेऱ्याचा पांढरा हिस्टोग्राम (फोटोतला उजेड डावीकडून उजवीकडे वाढत दाखवणारा आलेख) तेव्हाही ठीक दिसतो, कारण तो तिन्ही रंगांची सरासरी सांगतो. म्हणून कॅमेऱ्यात तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि लाल उजव्या भिंतीला चिकटला तर अर्धा ते एक स्टॉप कमी करा. फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये) काढा. एडिट करताना व्हाइट बॅलन्स आधी थंड बाजूला आणा, मग केशरी रंगाचं सॅच्युरेशन आणि उजेड थोडा उतरवा. घड्या परत येतात. एकदा एकाच फेट्यावर करून बघा, कपाळावरच्या पहिल्या पट्टीची कड जिथे सुटी दिसेल तिथे थांबा.

ॲडोबी आरजीबीचा जास्तीचा विस्तार मुख्यतः हिरव्या आणि निळसर हिरव्या बाजूला आहे, भगव्याला त्याचा फार आधार नाही. शिवाय लॅब फाईल एसआरजीबीत मागते. ते पैसे वाचवा.

चिकोडीत छोटा स्टुडिओ आहे. बेंगळुरूच्या कंपन्यांतून निघालेले चांगल्या नावाचे जुने मॉनिटर निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. घ्यावेत का?

तपासून घेतलेत तर तो फायद्याचाच सौदा आहे, न बघता पार्सलने मागवू मात्र नका. पेनड्राइव्हवर पूर्ण पांढरी, पूर्ण काळी आणि मध्यम राखाडी अशी तीन पानं घेऊन जा. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवायला लावा, तोवर चहा घ्या. मग राखाडी पान लावून चार पावलं मागे या. एक कोपरा गुलाबी, दुसरा हिरवट दिसला तर तो मॉनिटर सोडा. हा डाग कुठल्याही सेटिंगने जात नाही. पांढऱ्या पानावर पिवळटपणा आणि मेलेले पिक्सेल बघा. काळं पान दुकानातला दिवा मालवून बघा, कडेने उजेड किती झिरपतो ते कळेल.

काही मॉनिटरच्या मेन्यूत वापराचे एकूण तास दिसतात, ते जरूर विचारा. फार जुन्या मॉनिटरमध्ये एलईडीऐवजी बारीक ट्यूबचा बॅकलाईट असतो. तो पिवळा पडत जातो आणि सकाळी रंग स्थिरावायला वेळ घेतो, तसला नको. केबल व्हीजीए देत असतील तर परत करा, डिस्प्लेपोर्ट किंवा एचडीएमआय वापरा. आणि एचडीएमआय लावल्यावर काळा रंग राखाडी दिसला तर मॉनिटरला दोष देण्याआधी ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज ‘लिमिटेड’वरून ‘फुल’वर करून बघा.

आजकाल गिऱ्हाईक फोटो मोबाईलवरच बघतं. मग मॉनिटरचा एवढा खटाटोप कशाला?

कारण मोबाईल दहा तऱ्हेचे. एकाचा स्क्रीन भडक, दुसऱ्याचा पिवळा, तिसऱ्याचा ब्राइटनेस उन्हात पूर्ण वर. दहाही जणांकडे फोटो बरा दिसावा तर मूळ फाईल मधोमध असायला हवी, आणि तो मध्य कुठे आहे हे नीट मॉनिटरच सांगतो. फाईल एसआरजीबीत काढा, प्रोफाइल (रंग कोणत्या मापात आहेत ते सांगणारी नोंद) आत जोडलेलं ठेवा आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ती दाबली जाणार नाही.

हल्याळला आम्ही चार फोटोग्राफर मित्र आहोत. कॅलिब्रेशनचं, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून जुळवायचं, यंत्र एकट्याला परवडत नाही. इंटरनेटवरून त्याच मॉडेलचं प्रोफाइल उतरवून चालेल का?

उतरवलेलं प्रोफाइल दुसऱ्याच्या चष्म्यासारखं. एकाच मॉडेलचे दोन मॉनिटरही तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे त्याने रंग बिघडण्याचीच शक्यता जास्त.

चौघांनी मिळून एक यंत्र घ्या. डेटाकलरचं स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं, कुठलंही चालेल, सगळ्यांत वरचं मॉडेल नको. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा ते फिरवलं तरी पुरे. डिस्प्लेकॅल हे सॉफ्टवेअर मोफत आहे. मॉनिटर अर्धा तास तापू द्या, मग लक्ष्य म्हणून ६५०० केल्विन, गॅमा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढतो त्याचा आकडा) २.२ आणि १०० ते १२० निट्स द्या. चौघांचे मॉनिटर एका यंत्राने जुळले की एकाचं उरलेलं काम दुसऱ्याला देतानाही रंगाचा घोळ होत नाही. आयपीएस मॉनिटर मात्र आधी घ्या, यंत्र नंतर. लडखडणारं पॅनेल यंत्राने सरळ होत नाही.

शहापुरात घराच्या माडीवर काम करते. भिंती गुलाबी, मागे खिडकी. सकाळी एडिट केलेला फोटो रात्री वेगळाच दिसतो.

ताई, मॉनिटर तोच आहे, खोली बदलतेय. सकाळी खिडकीचा उजेड स्क्रीनवर पडतो आणि रात्री बल्बचा पिवळा. गुलाबी भिंतीवरून परतणारा उजेड डोळ्याला गुलाबीची सवय लावतो, मग चेहरे आपोआप हिरवट बाजूला झुकवले जातात.

सगळी माडी रंगवायची गरज नाही. टेबल फिरवून खिडकी बाजूला घ्या आणि तिला जाड पडदा लावा. स्क्रीनच्या मागे आणि तुमच्या पाठीमागे दिसणाऱ्या भिंतीवर करड्या रंगाचं साधं कापड टांगा. मॉनिटरच्या वर आणि दोन्ही बाजूंना काळ्या कार्डबोर्डची झडप चिकटपट्टीने बसवा, साधारण वीतभर पुढे येईल अशी. बल्ब काढून ६५०० केल्विनची एक एलईडी ट्यूब लावा, ती स्क्रीनवर न पडता मागच्या भिंतीवर पडेल अशी. दिवसाही पडदा ओढून तीच ट्यूब चालू ठेवा. त्यानंतर कागद धरून ब्राइटनेस पुन्हा एकदा जुळवा, कारण खोलीचा उजेड बदलला की तो आकडाही बदलतो.