वाचकांचे प्रश्न : एका घरातले दोन संगणक एकमेकांना दिसत नाहीत

प्रश्न : आमचे घर फोंडा तालुक्यातील जुने, राजांगणाचे, चिऱ्याच्या जाड भिंतींचे आहे. वडिलांनी जमवलेली जत्रेतील नाटकांची आणि भजनांची ध्वनिमुद्रणे पुढच्या खोलीतल्या डेस्कटॉपवर आहेत. ती मागच्या खोलीतल्या लॅपटॉपवर ऐकायची आहेत. मागे वायफाय पोहोचत नसल्याने केबल ओढून तिथे दुसरा राऊटर बसवला. इंटरनेट दोन्हीकडे चालते, परंतु फोल्डर शेअर करूनही लॅपटॉपला डेस्कटॉप दिसत नाही. पूर्वी विंडोज ७ मध्ये होमग्रुपने हे सहज होत असे. एका परिचितांनी ‘एसएमबी १’ सुरू करण्यास सांगितले आहे. करावे का?

उत्तर : करू नये. एसएमबी १ ही फाइली वाटून घेण्याची फार जुनी पद्धत असून मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने तिच्यातल्याच त्रुटीचा फायदा घेतला होता. विंडोज ७ पासूनच्या सर्व संगणकांना त्यापुढची पद्धत येत असल्यामुळे आपल्या घरात एसएमबी १ ची गरजच नाही. होमग्रुपही परत येणार नाही. विंडोज १० च्या २०१८ मधील १८०३ या आवृत्तीतून मायक्रोसॉफ्टने ते काढून टाकले.

आपल्या पत्रातली खरी खूण ‘दुसरा राऊटर’ ही आहे. पुढच्या राऊटरची केबल मागच्या राऊटरच्या ‘वॅन’ (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठीचे) लिहिलेल्या, बहुधा वेगळ्या रंगाच्या पोर्टमध्ये लावली असेल, तर तो राऊटर आपले स्वतंत्र नेटवर्क उभे करतो. इंटरनेट दोन्हीकडे मिळते, म्हणून सगळे ठीक आहे असे वाटते. प्रत्यक्षात घरात दोन नेटवर्क झालेली असतात आणि एकातला संगणक दुसऱ्याच्या यादीत उमटत नाही. खात्री करण्यासाठी दोन्ही संगणकांवर कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा द्यावी. एकाचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा संगणकाचा क्रमांक) १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर दोष इथेच आहे, आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये कितीही फेरफार केले तरी तो जाणार नाही.

उपाय सोपा आहे. मागच्या राऊटरमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ (स्वतंत्र नेटवर्क न उभारता पुढचेच नेटवर्क मागे पोहोचवण्याची सोय) असेल तर तो निवडावा. नसेल तर आधी त्याचा स्वतःचा पत्ता बदलून पुढच्या राऊटरच्या मालिकेतला, पण न वापरलेला एखादा द्यावा, त्यातली डीएचसीपी ही पत्ते वाटणारी सोय बंद करावी आणि मग केबल वॅनमधून काढून लॅन (घरातली यंत्रे जोडण्याच्या) पोर्टमध्ये लावावी. हा क्रम पाळावा, नाहीतर दोन्ही राऊटर पत्ते वाटू लागतात आणि घरातले फोनसुद्धा गोंधळतात.

त्यानंतर दोन्ही संगणकांवर नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ऐवजी ‘प्रायव्हेट’ ठेवावा. डेस्कटॉपवर केवळ शेअरिंगसाठी पासवर्डासह एक साधे लोकल खाते उघडावे व ध्वनिमुद्रणांच्या फोल्डरवर त्याला फक्त वाचण्याची परवानगी द्यावी, म्हणजे लॅपटॉपवरून चुकून काही पुसले जाणार नाही. पासवर्डाविना प्रवेशाच्या मागे लागू नये. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून तो मुळातच बंद असतो. संगणक उघडताना वापरता तो पिन येथे चालत नाही, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. यादीत नाव दिसलेच नाही, तर फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेषा (\\) देऊन पुढे डेस्कटॉपचा आयपी पत्ता लिहावा. तो पत्ता बदलू नये म्हणून राऊटरमध्ये राखून ठेवता येतो. डेस्कटॉप झोपी गेला की फोल्डरही नाहीसे होते, तेव्हा स्लीप बंद ठेवावे.

एवढे झाल्यावर मूळ ध्वनिमुद्रणांची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यावी. शेअरिंग म्हणजे बॅकअप नव्हे.

प्रश्न : डिचोलीत आमचे दुकान घरासमोर, अंगणापलीकडे आहे. हिशेबाच्या फाइली दोन्हीकडे लागतात. उघड्यावरून साधी नेटवर्क केबल नेली तर चालेल काय?

उत्तर : अंतराचा प्रश्न नाही, कॅट ५ई केबलही १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग देते, मात्र दोन्ही टोकांची पोर्ट तेवढ्या क्षमतेची हवीत. जुन्या १०० मेगाबिटच्या पोर्टवर सेकंदाला जेमतेम १२ मेगाबाइट जातात, जे हिशेबाच्या फाइलींना पुरेसे आहे. अडचण विजेची आहे. मे महिन्यातल्या वळिवात किंवा परतीच्या पावसात जवळपास वीज पडली, तर तांब्याची तार तो झटका दोन्ही इमारतींतल्या यंत्रांपर्यंत नेऊ शकते. त्याऐवजी मीडिया कन्व्हर्टरची (तांब्याच्या तारेतले संकेत प्रकाशात आणि परत बदलणाऱ्या यंत्रांची) जोडी आणि मध्ये आतून धातूची तार नसलेली, काचेच्या तंतूंची फायबर केबल घ्यावी. खर्च थोडा वाढेल, पण काच वीज वाहून नेत नाही. केबल जमिनीखालून नेणार असाल तर पाइपमधून न्यावी. उंदरांचा उपद्रव फायबरलाही होतोच.