व्हिक्टोरिया क्रॉस दोनदा मिळवणारा लष्करी डॉक्टर कोण होता?

असे दोघे होऊन गेले. व्हिक्टोरिया क्रॉस (व्हीसी) म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक. ते दोनदा मिळालेले जगात फक्त तिघे, आणि त्यातले दोघे डॉक्टर! नोएल शॅव्हासचं नाव बऱ्याच जणांना माहीत असतं, पण पहिला मान आर्थर मार्टिन-लीक यांचा.

८ फेब्रुवारी १९०२, दक्षिण आफ्रिकेतलं व्लाकफोंतेन; ब्रिटिश आणि तिथले डच वंशाचे बोअर यांच्यातलं बोअर युद्ध. शंभर यार्डांवरून चाळीसेक बोअर गोळ्या झाडत होते आणि हा माणूस जखमींना पट्ट्या बांधत होता. स्वतःला तीन गोळ्या लागल्या. थकून आडवे झाले, तरी बाकीच्या जखमींना पाणी मिळेपर्यंत घोटभरही घेतलं नाही.

पुढे ते भारतात आले, बंगाल-नागपूर रेल्वेचे डॉक्टर म्हणून. होय, आपल्या नागपूरपर्यंत येणारी तीच बीएनआर. १९१४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा वय चाळीस. वयावरून नाकारतील या धास्तीने त्यांनी थेट पॅरिस गाठून नाव नोंदवलं. त्याच वर्षी बेल्जियममध्ये झोनेबेकेजवळ शत्रूच्या खंदकांलगत पडलेल्या जखमींना भर गोळीबारात उचलून आणलं, त्याबद्दल दुसरा व्हीसी.

मला जास्त भावतं ते नंतरचं: युद्ध संपल्यावर गाजावाजा न करता पुन्हा रेल्वेच्या नोकरीत रुजू, ते थेट १९३७ पर्यंत. १९५३ मध्ये इंग्लंडमध्ये निधन झालं.